उत्तरापर्यंत नेणारे प्रश्न

मार्गदर्शक प्रश्नांची पद्धत म्हणजे विद्यार्थ्याला उत्तर सांगून मोकळे न होता, नीट आखलेल्या प्रश्नांच्या मालिकेतून त्याला ते स्वतः शोधायला लावणे. शिक्षकाला उत्तर ठाऊक असते, तिथवर जाण्याची वाट ठाऊक असते आणि विद्यार्थी कुठे चुकणार याचाही बराचसा अंदाज असतो. एवढे सगळे ठाऊक असून तो ते बोलून दाखवत नाही. विचार विद्यार्थी करतो; तो कोणत्या क्रमाने व्हावा याची आखणी शिक्षकाने केलेली असते. 'करून पाहा', 'निरीक्षण करा' असे सांगणारी शालेय पाठ्यपुस्तके आता सर्वांच्या परिचयाची आहेत. कॉलेजात मात्र, म्हणजे सतरा-अठरा ते बावीस-तेवीस या वयात, शिकवणे बहुतेक ठिकाणी व्याख्यान आणि नोट्स एवढ्यावर येऊन थांबते. वास्तविक या पद्धतीबद्दलचा सर्वांत भक्कम पुरावा याच वयाच्या वर्गांतून आलेला आहे.

पाश्चात्त्य परंपरेत या पद्धतीला सॉक्रेटिसचे नाव जोडले जाते. त्याने स्वतः काही लिहून ठेवले नाही. ती आपल्यापर्यंत आली मुख्यतः त्याचा शिष्य प्लेटो याच्या संवादांतून. 'मेनो' या संवादात मेनो नावाच्या तरुणाच्या सेवेतल्या एका गुलाम मुलाला सॉक्रेटिस भूमितीचा प्रश्न घालतो. दोन फूट बाजूचा एक चौरस आहे, त्याचे क्षेत्रफळ चार चौरस फूट. याच्या दुप्पट, म्हणजे आठ चौरस फुटांचा चौरस हवा, तर बाजू किती घ्यावी? मुलगा बेधडक सांगतो, बाजूही दुप्पट, चार फूट. सॉक्रेटिस त्याला खोडून काढत नाही. चार फुटांचा चौरस काढून त्यात मूळचे किती चौरस बसतात ते मोजायला लावतो. चार बसतात, क्षेत्रफळ सोळा भरते. मग मुलगा दोन आणि चार यांच्या मधला आकडा पकडतो, तीन. त्याचे नऊ होतात. आता तो कबूल करतो की आपल्याला हे येत नाही. इथे सॉक्रेटिस मेनोकडे वळून एक फार महत्त्वाची गोष्ट लक्षात आणून देतो. घटकेपूर्वी मुलाला येत नव्हते आणि येते असे वाटत होते. आता येत नाही हे त्याला कळले आहे, म्हणून तो शोधायला तयार झाला आहे. त्यानंतर मूळ चौरसाचा कर्ण काढला जातो, आणि कर्णावर उभारलेला चौरस बरोबर आठ चौरस फुटांचा भरतो हे मुलगा मोजून सांगतो.

या प्रसंगाची थोरवी मान्य करूनही त्यातली उणीव पाहायला हवी. शेवटच्या टप्प्यात सॉक्रेटिसचे बरेचसे प्रश्न 'हो' म्हणण्यापुरतेच उरतात, आणि कर्ण काढण्याची कल्पना मुलाची नसते, सॉक्रेटिसची असते. खरे शिक्षण त्याआधी घडलेले आहे. मुलाने दोनदा अंदाज बांधला, दोनदा मोजला आणि दोन्ही वेळा आपला अंदाज चुकल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. उत्तर बरोबर की चूक हे शिक्षकाच्या चेहऱ्यावरून न ठरता समोरच्या आकृतीवरून ठरले. मार्गदर्शक प्रश्नाची पारख करायला याहून चांगली कसोटी नाही.

भारतीय परंपरेत याच्याशी नाते सांगणारी कथा तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत आहे. भृगू आपल्या वडिलांकडे, वरुणाकडे जातो आणि ब्रह्म म्हणजे काय ते शिकवा म्हणतो. वरुण एक लक्षण सांगतो: ज्यातून सर्व भूते जन्मतात, ज्याच्या आधाराने जगतात आणि ज्यात परत जातात, ते ओळख. भृगू तप करतो आणि अन्न हे ब्रह्म असे ठरवून परत येतो. वरुण त्याला पुन्हा तप करायला पाठवतो. पुढच्या खेपेला प्राण, मग मन, मग विज्ञान आणि शेवटी आनंद. मधल्या एकाही उत्तराला वरुण धुडकावून लावत नाही आणि पुढचे उत्तर सुचवतही नाही. शोधायचे काय याची खूण त्याने सुरुवातीलाच हातात दिलेली आहे. तिच्यावर स्वतःचे उत्तर घासून पाहायचे काम मुलाचे. सॉक्रेटिस पावलापावलाला सोबत चालतो, वरुण दिशा दाखवून वाट पाहतो. आजच्या चांगल्या वर्गात या दोन्ही तऱ्हा लागतात.

तरुण विद्यार्थ्यांना ही पद्धत विशेष का लागू पडते? लहान मुलाला एखाद्या गोष्टीबद्दल काहीच ठाऊक नसेल, पण अठरा वर्षांच्या मुलाने जगाबद्दलच्या आपल्या कल्पना केव्हाच पक्क्या केलेल्या असतात. त्यातल्या काही चुकीच्या असतात आणि व्याख्यान ऐकून त्या हलत नाहीत. नवे ज्ञान वहीत जाते, जुनी समजूत डोक्यात राहते, परीक्षेला वही उपयोगी पडते आणि दोन्हींची गाठ कधी पडतच नाही. १९८७ साली अमेरिकेत तयार झालेल्या 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' या माहितीपटात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी २३ जणांना ऋतू कशामुळे होतात किंवा चंद्राच्या कला कशामुळे दिसतात असे विचारले होते. त्यात नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी, जुने विद्यार्थी आणि प्राध्यापकही होते. त्यांतल्या २१ जणांची उत्तरे चुकली. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा, ही त्यांतली ठळक समजूत. या समजुतीला धक्का द्यायला व्याख्यान लागत नाही, एक प्रश्न पुरतो: नागपुरात जानेवारीत थंडी असते तेव्हा ऑस्ट्रेलियात उन्हाळा का असतो? पृथ्वी एकच, सूर्यापासूनचे अंतरही दोघांना सारखेच. विद्यार्थी गप्प होतो, विचारात पडतो. त्यानंतर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते हे सांगितले, की जुनी समजूत उभी राहूच शकत नाही. मग कललेला आस आणि किरणांचा कोन समजून घ्यायची खरी गरज त्याला वाटू लागते.

हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांना याच प्रकारचा अनुभव आला. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत, अवघड गणितेही विद्यार्थी सोडवत. अवजड ट्रक आणि छोटी मोटार यांची टक्कर झाली तर कोण कोणावर जास्त बल लावते, अशा साध्या प्रश्नांची चाचणी त्यांनी घेतली तेव्हा मात्र अनेक जण अडखळले. न्यूटनचा तिसरा नियम सर्वांना तोंडपाठ होता. तरी ट्रकच जास्त बल लावत असणार, असे मन सांगत होते. एका विद्यार्थिनीने तर विचारले, की उत्तरे तुम्ही शिकवले तसे लिहू की मला मनापासून वाटते तसे? माझूर यांनी फळ्यावर पुन्हा पुन्हा समजावून पाहिले, उपयोग होईना. शेवटी त्यांनी मुलांना आपसात बोलायला सांगितले. वर्गात गलका झाला आणि काही मिनिटांत उत्तर लागले.

त्यातून १९९१ पासून त्यांनी सहाध्यायी-अध्यापनाची पद्धत बसवली. तासाला थोडा भाग समजावून सांगायचा, मग एक विचारपूर्वक निवडलेला प्रश्न पर्यायांसह टाकायचा. प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करून, हाताने, रंगीत कार्डाने किंवा रिमोटसारख्या यंत्राने आपले मत नोंदवायचे. साधारण एकतृतीयांश ते दोनतृतीयांश मुलांचे उत्तर बरोबर असेल तर शेजारच्याशी चर्चा. बरोबर उत्तरे फारच कमी असतील तर शिक्षक परत मागे जातो, जवळपास सर्वांची बरोबर असतील तर पुढे सरकतो. चर्चेनंतर पुन्हा मत, आणि शेवटी स्पष्टीकरण. आपल्याच बाकावरचा मित्र त्याला नुकतीच समजलेली गोष्ट जास्त चांगली समजावतो, कारण अडचण कुठे होती हे त्याला अजून आठवत असते. पण एकाचे उत्तर दुसऱ्याने उचलले एवढेच यात घडते का, ही शंका रास्त आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या आनुवंशशास्त्राच्या वर्गावर झालेला एक अभ्यास २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यात चर्चेनंतर त्याच तत्त्वावरचा दुसरा प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवायला दिला होता. पहिला प्रश्न सुरुवातीला चुकलेले विद्यार्थी चर्चेनंतर दुसरा प्रश्न लक्षणीय प्रमाणात बरोबर सोडवू लागले, आणि गटात सुरुवातीला कोणालाच उत्तर ठाऊक नसतानाही अशी सुधारणा झाल्याचे संशोधकांना आढळले. चर्चेतून समज तयार होते, नुसती नक्कल होत नाही, याचा हा पुरावा आहे.

प्रश्नांची मालिका प्रत्यक्षात कशी बांधतात हे पाहायला सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅकडरमॉट यांच्या गटाचे काम वाचावे. एखाद्या विषयात विद्यार्थी नेमके काय चुकतात हे आधी मुलाखतींतून आणि चाचण्यांतून शोधायचे आणि त्या चुकांवर प्रश्न रचायचे, असा त्यांचा क्रम होता. त्यांचा पाच बल्बचा प्रश्न भौतिकशास्त्राच्या शिक्षकांमध्ये जगभर ओळखला जातो. तीन सारखे सेल आहेत. पहिल्याला एक बल्ब जोडला आहे. दुसऱ्याला दोन बल्ब एकसर जोडणीत, एकापुढे एक. तिसऱ्याला दोन बल्ब समांतर जोडणीत. पाचही बल्ब एकसारखे. कोणता किती उजळेल? एकही आकडा नाही, सूत्र नाही. तरीही विद्युतधारेचा धडा शिकून झालेल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांपैकी साधारण १५ टक्केच या प्रश्नाला बरोबर उत्तर देऊ शकले. एकटा बल्ब आणि समांतर जोडणीतले दोन्ही बल्ब सारखेच उजळतात. एकसर जोडणीतले दोन्ही बल्ब एकमेकांइतके, पण इतर तिघांपेक्षा मंद.

चुका दोन ठरावीक समजुतींतून येतात. एक म्हणजे विद्युतधारा बल्बमध्ये खर्च होते, त्यामुळे एकसर जोडणीत पहिला बल्ब जास्त उजळेल आणि दुसऱ्याला उरलेसुरले मिळेल. दुसरी म्हणजे सेल नेहमी ठरलेलीच धारा देतो, त्यामुळे समांतर जोडणीत ती दोघांत वाटली जाऊन दोन्ही बल्ब मंद होतील. आता शिक्षकाचे काम पाहा. पहिल्या समजुतीसाठी तो विचारतो: तुमच्या मते पहिला बल्ब जास्त उजळायला हवा, सेलची टोके उलटी केली तर काय होईल? मुले सांगतात, आता दुसरा जास्त उजळेल. करून पाहतात, तर दोन्ही बल्ब आधीही सारखे आणि नंतरही सारखे. मग पुढचा प्रश्न: पहिल्यातून गेलेली धारा दुसऱ्यापर्यंत पूर्ण पोचते असे यावरून म्हणता येईल का? म्हणता येत असेल, तर हे दोघे एकट्या बल्बपेक्षा मंद का? इथे कोणीतरी म्हणते, की दोन बल्ब म्हणजे जास्त अडथळा, म्हणून सगळीकडूनच धारा कमी वाहते. रोधाची कल्पना वर्गातून आली. शिक्षकाने फक्त तिला तिचे नाव द्यायचे.

दुसरी समजूत जास्त चिवट असते. त्यासाठी समांतर जोडणीतला एक बल्ब काढायच्या आधी अंदाज लिहून घ्यायचा. बहुतेक मुले लिहितात, की उरलेला बल्ब आता सगळी धारा मिळाल्याने जास्त उजळेल. बल्ब काढला जातो. उरलेला बल्ब जराही बदलत नाही. वर्गात शांतता पसरते, आणि इथेच शिक्षकाने मोह आवरायचा असतो. थोड्या वेळाने तो विचारतो: आधी दोन बल्ब असताना आणि आता एक असताना सेलमधून येणारी धारा सारखीच असेल का? मुले स्वतःच हिशेब मांडतात: दोन बल्ब तितकेच उजळत होते, म्हणजे धारा दुप्पट होती, एक काढला, निम्मी झाली. मग सेल ठरलेली धारा देतो हे खरे नाही. तो ठरलेले देतो ते काहीतरी वेगळेच. विभवांतराची व्याख्या फळ्यावर लिहायची योग्य वेळ ही. तोवर ती लिहिली असती तर ती पाठ झाली असती, इतकेच. सामान म्हणाल तर तारेचे जुन्या पद्धतीचे टॉर्चचे बल्ब, नवे सेल आणि वायरचे तुकडे. सेल नवेच घ्यावेत. जुन्या सेलचा स्वतःचा रोध वाढलेला असतो, त्यामुळे बल्बचा उजेड थोडा बदलतो आणि मुलांचा गोंधळ उडतो.

ही पद्धत विज्ञानापुरतीच आहे असे समजण्याचे कारण नाही. अर्थशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या वर्गात दुष्काळ हा विषय घ्यावा. दुष्काळात माणसे उपाशी का मरतात, असे विचारले की वर्ग एकमुखाने सांगतो: धान्य पिकत नाही म्हणून. मग १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची आकडेवारी समोर ठेवावी. अमर्त्य सेन यांच्या १९८१ च्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या ग्रंथातल्या हिशेबाप्रमाणे बंगालमध्ये १९४३ साली उपलब्ध असलेले धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनीच कमी होते, आणि १९४१ पेक्षा तर सुमारे १३ टक्क्यांनी जास्त. १९४१ मध्ये दुष्काळ पडला नाही, १९४३ मध्ये सेन यांच्या अंदाजाप्रमाणे ३० लाखांच्या आसपास माणसे गेली. हे कसे? त्यापुढचा प्रश्न: मेले कोण? शेतमजूर आणि मच्छीमार यांना सर्वांत मोठा फटका बसला. कलकत्त्यातल्या कारखान्यांच्या कामगारांना स्वस्त धान्य मिळत होते. तांदळाचे भाव आणि शेतमजुरीचे दर शेजारी शेजारी ठेवले की मुले आपणच म्हणू लागतात, की धान्य बाजारात होते पण त्यांना ते विकत घेता येत नव्हते.

महाराष्ट्रातल्या वर्गात इथे एक फार मोलाचा पुढचा प्रश्न विचारता येतो. १९७२ च्या दुष्काळात राज्यात पिके बुडाली, धान्याचे उत्पादन भयंकर घसरले, तरी बंगालसारखे मृत्यूचे थैमान झाले नाही. का? विद्यार्थ्यांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारावे. सुकडी, मिलो, खडी फोडणे, पाझर तलावांची आणि रस्त्यांची कामे, मस्टरवर लागलेली नावे, हे सगळे त्या पिढीच्या आठवणीत आहे. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. हातात मजुरी असली की धान्य गावापर्यंत येते, हा निष्कर्ष मुलांनी स्वतः काढला तर रोजगार हमीचा १९७७ चा कायदा त्यांच्यासाठी परीक्षेतली टीप राहत नाही. सेन यांच्या मांडणीवर अभ्यासकांत वाद आहेत, विशेषतः १९४३ च्या आकड्यांच्या विश्वासार्हतेवर. तेही वर्गात आणावेत; आकडे कोणी गोळा केले आणि कसे, हा वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवा असा प्रश्न आहे.

प्रश्न चांगला असूनही तो विचारण्याची रीत चुकली तर सगळे वाया जाते. सर्वांत सर्रास चूक म्हणजे घाई. अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी शाळांमधल्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासली तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी फक्त एक सेकंद थांबतात असे दिसले. तेवढ्यात उत्तर आले नाही तर ते दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच सांगून टाकत. हेच थांबणे तीन सेकंदांवर नेले की उत्तरे लांब आणि कारणांसह येऊ लागली, एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली. तीन सेकंद हा आकडा वाचताना किरकोळ वाटतो. वर्गासमोर उभे राहून ते काढणे जड जाते. रो यांनी आणखी एक जागा दाखवली: विद्यार्थ्याचे उत्तर संपल्यावरही शिक्षकाने थांबावे. पुष्कळदा खरा विचार पहिल्या वाक्यानंतर येतो.

'समजलं का?' हा प्रश्न या अर्थाने प्रश्नच नाही, कारण त्याचे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी 'कशावरून?' हा साधा शब्द फार काम करतो, पण तो बरोबर उत्तरालाही विचारला पाहिजे. फक्त चुकलेल्याला विचारला तर मुले आठवडाभरात ओळखतात, की सर 'कशावरून' म्हणाले म्हणजे आपले चुकले. चुकीच्या उत्तरावर 'बस खाली' म्हणणारा शिक्षक त्या वर्गातले उरलेल्या वर्षाचे प्रश्न संपवतो. तरुण वयात चारचौघांत हसे होण्याची भीती लहानपणापेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून आधी कागदावर लिहायला लावणे, मग शेजाऱ्याशी बोलायला लावणे आणि त्यानंतरच वर्गासमोर विचारणे, हा क्रम पाळावा.

ही भीती ज्यांनी जुमानली नाही त्यांचे दाखलेही आहेत. ख्रिस्तोफर लँगडेल यांनी १८७० पासून हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात कायदा खटल्यांतून शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थ्याने निकालपत्रे वाचून यायचे आणि प्राध्यापकाच्या प्रश्नांना उभे राहून तोंड द्यायचे. ही पद्धत अमेरिकेतल्या विधी शिक्षणाचा कणा बनली, पण प्रश्नोत्तरांच्या नावाखाली विद्यार्थ्यांचा पाणउतारा करण्याची सवयही तिच्यासोबत पसरली. गणितात टेक्सास विद्यापीठातल्या रॉबर्ट ली मूर यांनी याहून कडक रीत लावली. विद्यार्थ्यांना फक्त गृहीतके, व्याख्या आणि प्रमेयांची विधाने द्यायची. सिद्धता प्रत्येकाने एकट्याने शोधून फळ्यावर मांडायची. पुस्तक उघडायचे नाही आणि एकमेकांना विचारायचे नाही. त्यांच्या हाताखालून मेरी एलेन रूडिन यांच्यासारखे थोर गणिती घडले. पण याच मूर यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात घेण्यास नकार दिला. विचार करण्याचा हक्क कोणाला द्यायचा हे शिक्षक जातीवर किंवा वर्णावर ठरवू लागला, तर त्याची पद्धत कितीही मोठी असो, तो शिक्षक म्हणून नापास आहे. आज त्यांच्या पद्धतीतून निघालेल्या शोधाधारित गणित-अध्यापनात विद्यार्थी गटाने काम करतात, आणि ते बरेच झाले.

या पद्धतीवर गंभीर आक्षेपही घेतले गेले. पॉल कर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ साली मांडले, की मार्गदर्शनाशिवाय शोधायला सोडलेला नवखा विद्यार्थी शिकत नाही, कारण एकाच वेळी मनात धरता येणाऱ्या गोष्टींना मर्यादा असते आणि भटकण्यातच त्याची शक्ती संपते. हा आक्षेप खरा आहे, आणि तो मार्गदर्शक प्रश्नांची बाजू बळकट करतो. २०११ साली १६४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. मोकाट शोधापेक्षा थेट शिकवणे चांगले, पण आधार देत केलेला शोध इतर पद्धतींपेक्षा चांगला, असे त्यातून निघाले. व्याख्यानालाही त्याची जागा आहे. डॅनियल श्वार्ट्झ आणि जॉन ब्रॅन्सफर्ड यांनी १९९८ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की आधी विद्यार्थ्यांनी प्रयोगांतली माहिती स्वतः तपासून फरक शोधले आणि मग व्याख्यान ऐकले, तर ते व्याख्यान सर्वांत जास्त उपयोगी पडते. सांगण्याची वेळ प्रश्नानंतर येते.

एकूण पुरावा कोणत्या बाजूला झुकतो याबद्दल आता फारसा संशय उरलेला नाही. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली भौतिकशास्त्राच्या ६२ अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे निकाल ताडून पाहिले. जेवढी सुधारणा शक्य होती तिच्यापैकी पारंपरिक वर्गांनी सरासरी २३ टक्के साधली, विद्यार्थ्यांना बोलते आणि करते ठेवणाऱ्या वर्गांनी ४८ टक्के. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र केले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण ३३.८ टक्के होते, सक्रिय वर्गांत २१.८ टक्के. मात्र विद्यार्थ्यांना स्वतःला तसे वाटेलच असे नाही. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सक्रिय वर्गातली मुले प्रत्यक्षात जास्त शिकली होती, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे सोपे वाटते; स्वतः डोके चालवताना अडखळणे जाणवते. म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच हे मुलांना समजावून सांगणे आवश्यक ठरते.

मराठी मुलखात दोन अडचणी प्रामुख्याने येतात. पहिली भाषेची. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुले अकरावीला विज्ञानशाखेत आली की विषय एकदम इंग्रजीतून सुरू होतो. त्यांना उत्तर सुचलेले असते, पण इंग्रजी वाक्य जुळत नाही म्हणून ती गप्प राहतात आणि शिक्षकाला वाटते की यांना काही येत नाही. शेजाऱ्याशी चर्चा मराठीत, कागदावरचे कारण मराठीत आणि शेवटची संज्ञा इंग्रजीत, एवढी मोकळीक दिली तर हीच मुले बोलू लागतात. दुसरी अडचण पोर्शनची. प्रश्न विचारत बसलो तर पोर्शन कसा पुरा होणार, हे प्रत्येक शिक्षक म्हणतो, आणि ऐंशी-शंभर मुलांच्या वर्गात ते खोटेही नाही. माझूर यांनी यावर तोडगा काढला होता: जे वाचून समजते ते विद्यार्थ्यांनी आधी वाचून यायचे, तास फक्त जे वाचून समजत नाही त्यासाठी. सगळा अभ्यासक्रम या पद्धतीने शिकवण्याची गरजही नाही. उत्तरपत्रिका तपासताना प्रत्येक शिक्षकाला दरवर्षी तीच तीच चूक भेटते. त्या चुका वहीत उतरवून ठेवाव्यात, त्यांतली एक निवडावी, तिच्यावर तीन-चार प्रश्न आधी लिहून काढावेत आणि येत्या सत्रात एका तासाला ते विचारून पाहावेत.